डाव्या इंजिनाचा हिवाळा

दिवाळी आटोपली की अकोल्याच्या रस्त्यांना सरकीचा वास येऊ लागतो. तेलकट, थोडा खवट, उबदार वास. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, सोडलेले बैल कडबा चघळत उभे असतात, गाडीवान तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकतात आणि रस्त्याकडेच्या बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून बसतात. संत्र्याच्या कामासाठी मी दरवर्षी याच दिवसांत तिवशाहून अकोल्याला येते. मोटार गावात शिरते, तो वास नाकात जातो आणि माझा उजवा पाय आपोआप ताठ होतो. पुढच्या बाकाच्या दांडीला मी तो रेटून धरते. गेल्या वर्षी शेजारी बसलेली बाई म्हणाली, "अवो बाई, गाडी तुमी चालवून राहिल्या काय?"

मी म्हटलं, "नाही, सवय आहे." तिने जरा सरकून बसायला जागा केली. तिला माझा संशय आला असावा. बरोबरच आहे. अनोळखी बाईचा थोडा संशय घ्यावाच.

ही सवय एका हिवाळ्यातली आहे. त्या हिवाळ्यात मी अकोल्याच्या धावपट्टीवर दोन इंजिनांचं विमान चालवायला शिकत होते. एका इंजिनाचं मला येत होतं. नागपूरला कॉलेजात असताना ते शिकले होते, आणि त्या वेळी घरच्यांनी जी आरडाओरड करायची ती करून घेतली होती. त्यामुळे या खेपेस आरडाओरड झाली नाही, नुसता संशय झाला. बाबा संत्र्याच्या झाडांची आळी नीट करत होते. मान वर न करता म्हणाले, "दोन इंजिनं कावून लागतात?"

"एक बंद पडलं तर दुसरं असतं."

"म्हंजे पयल्यावर भरोसा नाई."

"तसं नाही, बाबा."

"तसंच हाय. आन दुसरं बंद पडनार नाई, हे तुले कोनं सांगतलं?"

मी चिडले आणि घरात निघून आले. खरं म्हणजे विमानाने संत्री पाठवायची कल्पना माझ्याइतकीच बाबांचीही होती. रेल्वेच्या डब्यात आमची फळं दूरच्या शहरांत पोचेपर्यंत अर्धी नासत. लढाई संपल्यावर लष्कराची मोडीत निघालेली विमानं एका कंपनीने घेतली होती आणि अकोल्याहून फळं, पानं, टपाल असा माल न्यायचा तिचा बेत होता. मुख्य वैमानिक त्यांच्याकडे होता. त्याच्याशेजारी बसायला दुय्यम वैमानिक हवा होता. जागा एक, शिकणारे दोघे. एक मी आणि दुसरा मधुकर, अकोल्यातल्या एका वकिलांचा मुलगा. संक्रांतीनंतर परीक्षक येणार होते. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला असल्यामुळे साहेब म्हणून जो कोणी यायचा तो नागपूरहूनच यायचा. जो पास होईल त्याला जागा, आणि दोघंही पास झालो तर आमचे शिक्षक सांगतील त्याला, असं ठरलं होतं. मला नापास करायला आमच्या शिक्षकांनी जास्त काही करायची गरज नव्हती. मला नीट शिकवलं नाही की पुरे होतं.

आमचे शिक्षक कॅप्टन रेगे. पुण्याचे. लढाईत विमान चालवून आलेले, बारीक, इस्त्रीचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गोल पातळाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे घालून चढणार?" दुसऱ्या दिवशी मी आत्याचं नऊवारी नेसून, काष्टा मारून, पदर कमरेला खोचून गेले. शिकलेल्या मुली नऊवारी टाकून गोल नेसू लागल्या होत्या तेव्हा. मी विमानासाठी उलट्या दिशेने गेले. काष्ट्याला कुठल्याही दांड्याची अडचण होत नाही. शेतात वाकून, चढून, उड्या मारून बायकांनी ते आधीच पाहून ठेवलेलं आहे. रेगेंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची हे मला कळलं नाही, आणि माझ्या संशयाची सुरुवात मी तिथून धरते.

विमान लाकडी होतं. आत पेट्रोलचा, सरसाचा आणि जुन्या चामड्याचा वास यायचा. मी डावीकडे बसायची, रेगे उजवीकडे. आमच्या मधोमध दोन इंजिनांचे दोन दांडे शेजारी शेजारी. दोन्ही एका मुठीत धरायचे आणि सारखे पुढे ढकलायचे. एक जरासा मागे राहिला तर विमान धावपट्टीवरच वाकडं पळू लागायचं. पहिले काही दिवस मला वाटलं, एवढंच तर आहे, दोन्हींना सारखं हाकायचं.

मग रेगेंनी नकाशा काढला. वर गेलो, सरळ चाललो आहोत, खाली पूर्णेचं पात्र उन्हात चमकतं आहे, आणि हे गृहस्थ सहज म्हणून नकाशाची घडी दांड्यांवर आडवी धरतात. काही दाखवायचं असल्यासारखी. घडीच्या मागे त्यांचा हात हळूच एक दांडा मागे ओढतो. विमान अंग टाकल्यासारखं एका बाजूला वळतं. कोणतं इंजिन गेलं ते मी ओळखायचं. डोळ्यांवर विसंबायचं नाही, कारण घाबरलेले डोळे काहीही दाखवतात. विमान सरळ ठेवायला ज्या पायाने जोर लावावा लागतो त्याच्या विरुद्ध बाजूचं इंजिन गेलं, म्हणजे रिकाम्या पायाच्या बाजूचं. ते मोठ्याने म्हणायचं. मग त्याचाही भरवसा धरायचा नाही. त्या इंजिनाचा दांडा हळूच मागे घेऊन पाहायचा. काही फरक पडला नाही तर ते खरंच गेलेलं. मगच त्याचं पेट्रोल बंद करायचं. चुकून चांगल्याचं बंद केलं तर पुढे बोलायला कोणी उरत नाही.

मला हे शिक्षण आवडलं. आमच्या घरात मला लहानपणापासून संशयी म्हणून नावं ठेवलेली. आत्या तर चारचौघांत सांगायची, "आमची वच्छी पानी पेताना बी आंदी गडवा हुंगते." आणि इथे एक पुणेकर मला सांगत होता की हुंगा, बाई, आणखी एकदा हुंगा. फक्त माझ्या लवकरच लक्षात आलं की त्याचाच गडवा हुंगायची वेळ आली आहे.

ते असं. नकाशामागे दर वेळी डावंच इंजिन जायचं. दुसऱ्या दिवशी डावं, पुढल्या आठवड्यात डावं. मधुकर वर गेला की मी खाली लिंबाच्या सावलीत उभी राहून बघायची. त्याच्या वेळी विमानाचं नाक झटका खायचं ते उजवीकडे. मी त्याला विचारलं.

"मले तं उजवंच देते सायब," मधुकर म्हणाला. "तुले?"

"डावं. नेहमी."

"मंग काय झालं? गेलं ते गेलं. डावं काय न उजवं काय."

पण तसं नव्हतं. विमानाच्या पुस्तकातच होतं. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे उजव्या इंजिनाची ओढ डाव्यापेक्षा जास्त बाहेरून लागते. उजवं गेलं तर उरलेलं डावं विमानाला फिरवतं, पण बेताने. डावं गेलं तर उरलेलं उजवं हिसका देतं. पायाला दुप्पट जोर लागतो की काय असं वाटतं, मांडी थरथरते, टाचेपासून कमरेपर्यंत एक तार ताणली जाते. थोडक्यात, मधुकरला सोपं आणि मला अवघड. आणि वर रेगे माझ्या थरथरणाऱ्या गुडघ्याकडे बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. त्या सुस्काऱ्याचाही मला संशय होता. तो जरा तयार करून आणलेला वाटायचा.

मी आत्याकडे राहत होते. आत्याची फुलांची आणि भाजीची वाडी गावाबाहेर होती आणि बाजारात तिची जागा ठरलेली होती. थंडीत शेवंती यायची. पहाटे ओल्या फडक्यांवर शेवंतीचे ढीग पडलेले असायचे, आणि मी त्यांच्यापलीकडे जमिनीवर बसून, पाठ कणगीला टेकवून, उजवा पाय भिंतीला रेटायची. सोडायचा, पुन्हा रेटायचा. भिंतीची माती पडायची.

"वच्छे, भिताडाले लाता कायले मारून राहिली?"

"पाय बळकट करते आहे."

"कोनाले मारतं?"

"कोणाला नाही, आत्या. डावं इंजिन बंद पडलं की उजवा पाय लागतो."

आत्याने फुलं निवडता निवडता विचार केला. "रोजच बंद पडते?"

"रोज. माझंच. मधुकरचं कधी पडत नाही."

"तो मास्तर कसा हाय? डोये कसे हायेत त्याचे?"

"डोळ्यांचं काही नाही. त्याला मी नको आहे."

"तुले सगळेच असे वाटतात," आत्या म्हणाली. "तुह्या शाळेतल्या बाई बी तुले नापास करून राहिल्या व्हत्या, अन् तू पयली आली. संशय लय वाईट, पोरी. मानसाले आतून खाते." आणि तिने दारात आलेल्या गिऱ्हाइकाला शेवंती देताना त्याच्या हातातलं नाणं दगडावर आपटून बघितलं.

मी शेवटी रेगेंना विचारलंच. विमान उतरलं होतं, पंखे थांबले होते, कानातला गोंगाट अजून चालू होता. रागात माझी बोली बदलते. म्हटलं, "मलेच डावं कावून?"

रेगे म्हणाले, "प्रश्न मराठीत विचारा."

"मराठीतच विचारला."

त्यांनी कानटोपी काढली. मग म्हणाले, "वेळ आली की उजवंही देईन." आणि हातमोजे काढत निघून गेले. वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी नकाशा, आणि नकाशामागे डावं.

मधुकर मनाने चांगला होता. तो माझी समजूत घालायचा. "तुले उगाच वाटते, वत्सला. सायब तं मले म्हनते की बाईचं बरं चाललं हाय." आत्या म्हणायची, तुला तसं वाटतं. मधुकर म्हणायचा, तुला तसं वाटतं. बाबा एकदा भेटायला आले, धावपट्टीच्या कडेला छत्री टेकून उभे राहिले, रेगेंशी दोन शब्द बोलले आणि जाताना म्हणाले, "मानूस तं सरळ दिसते." ज्या बाबांना दोन इंजिनांवर भरवसा नव्हता त्यांचा एका माणसावर भेटताक्षणी बसला. तेव्हा मात्र मी घाबरले. जागा जाण्याची भीती वेगळी, ती मी रोज बाळगून होतेच. ही भीती अशी की आपलंच डोकं फिरलेलं असेल. चारही बाजूंनी लोक सांगत असतात की असं काही नाही, आणि आपल्याला रोज डोळ्यांनी दिसत असतं, तेव्हा माणूस आपल्या डोळ्यांवरच पहारा बसवतो. मी खरोखरच लिंबाखाली उभी राहून मधुकरच्या विमानाचं नाक पुन्हा पुन्हा तपासू लागले. उजवीकडेच जायचं. मला बरं वाटायचं आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटायची.

माझी मोठी चूक याच दिवसांतली. ती इंजिनाची नव्हती, बैलांची होती.

लहानपणी कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला आम्ही दमणीने जात असू, आणि बाबांनी डुलकी काढली की हाकायला मी बसे. जोडीतला एक बैल ढिला पडला की गाडी त्याच्या बाजूला वळते. मग काय करायचं ते कोणी शिकवावं लागत नाही. चांगल्या बैलाचा कासरा ओढायचा आणि ढिल्याला तुतारीचं टोक लावायचं. तुतारी म्हणजे आमच्याकडची आर लावलेली काठी. तरीही गाडी चालली नाही तर चांगल्यालाच हाका मारून पळवायचं, म्हणजे दोघांचं ओझं तो ओढतो. वर्धा नदीच्या उतारापर्यंत मी अशी गाडी कित्येकदा नेली आहे.

त्या दिवशी रेगे म्हणाले, आज वेग कमी करून पाहू. पूर्णेच्या वर भरपूर उंचीवर आम्ही विमान इतकं मंद केलं की ते हवेत उभं असल्यासारखं थरथरू लागलं. मग नकाशा. डावं गेलं. मी उजवा पाय रेटला, तोवर सगळं ठीक. आणि माझा हात डाव्या दांड्यावर गेला, त्याला टोचायला. रेगेंनी तो दांडा घट्ट धरून ठेवला होता. तो हलेना, विमान खाली बसू लागलं, तशी मी चालत्या उजव्याला सगळा जोर दिला. पळ बाबा, तूच ओढ.

उजव्या इंजिनाने ओढलं. त्याने विमानाचा उजवा पंख उचलला आणि आम्हाला डाव्या कुशीवर उलथवलं. समोर आभाळ होतं तिथे कापसाची शेतं आली. पायाखालचा पाट सरकावा तशी शेतं सरकली. पायात जोर होता, पण विमान पायाचं ऐकत नव्हतं. तेवढ्यात रेगेंनी माझा हात बाजूला सारून उजवा दांडाही मागे ओढला. दोन्ही इंजिनं गप्प. विमानाने नाक खाली घातलं, वारा धरला आणि आपलं आपण सरळ झालं.

रेगेंनी दोन्ही दांडे पुन्हा सारखे पुढे घेतले. मग रेगे म्हणाले, "मेलेलं इंजिन कोणाला मारत नाही, वत्सलाबाई. चालतं मारतं. वेग नसेल तर आधी चालत्याला आवरायचं."

मी म्हटलं, "आमच्याकडे बसलेल्या बैलाला टोचतात आणि चालत्याला पळवतात."

"तुमच्याकडे," रेगे म्हणाले. तो शब्द त्यांनी असा उच्चारला की आमचा सगळा वऱ्हाड, बैलांसकट, खिडकीतून खाली पडला. पण शिकवलेलं खरं होतं, आणि खरं शिकवणाऱ्या माणसाचा संशय घेणं फार कष्टाचं असतं. त्या रात्री मी जेवले आणि भिंतीला पाय लावून बसले.

चालत्या गोष्टीचा संशय घ्यायला मी तिथे शिकले, ते अजून सुटलं नाही. मळ्यातली विहीर उन्हाळ्यात आटली तर मी निवांत असते, सगळं लक्ष तिच्याकडे असतंच. माघात ती तुडुंब असली की मी जाऊन वाकून बघते. सुनेला हे पटत नाही. ती म्हणते, आई, चांगलं चाललंय ना? मी म्हणते, म्हणूनच.

धावपट्टीची एक गोष्ट सांगायला हवी. लढाईच्या घाईत ती बांधली तेव्हा गावाकडून जिनिंगकडे जाणारी जुनी पांदण तिच्याखाली आली. पांदण म्हणजे शेतांमधली गाडीवाट. सरकारने मुरूम टाकला, खांब रोवले, पाटी लावली. गाडीवानांनी पाटीला वळसा घातला आणि कापसाच्या गाड्या पूर्वीसारख्याच धावपट्टी आडवी कापून न्यायला सुरुवात केली. आजोबांच्या वेळेपासूनची वाट सरकारच्या पाटीने थोडीच बुजते. चौकीदार शिटी फुंकत धावायचा. एका म्हाताऱ्या गाडीवानाने त्याला ऐकवलेलं मी स्वतः ऐकलं आहे, "इमान उडते न बे? मंग जाऊ दे त्याले वरून. माहे बैल उडत नाईत."

संक्रांत झाली. तिळगुळ देताना आत्या म्हणाली, मास्तरालेही दे. मी दिला. त्यांनी खाल्ला आणि "गोड बोलत जा" असं मलाच सांगितलं.

परीक्षक आले. गोरेपान, उंच, अतिशय सभ्य गृहस्थ, हिंदी मिसळून बोलणारे. सकाळी मधुकर आधी गेला. मी लिंबाखाली उभी. विमान वर गेलं, दूर गेलं, आणि एकदम त्याचं नाक डावीकडे फेकलं गेलं. मग ते नांगरट चुकल्यासारखं वेडंवाकडं चालू लागलं, सावरलं, पुन्हा चुकलं. मधुकर उतरला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. रडकुंडीला येऊन म्हणाला, "डावं देल्लं वो त्यानं." जसं काही परीक्षकाने कराराचा भंग केला होता. परीक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अजून सराव करून पुन्हा यायला सांगितलं. रेगे लांब उभे होते. त्यांनी मधुकरकडे पाहिलं नाही, विमानाच्या चाकाकडे पाहिलं.

म्हणजे आता मी पास झाले तर जागा माझी, आणि नापास झाले तर पुढच्या खेपेला मधुकरची. दुसऱ्यांदा माझ्यासाठी कोणी परीक्षक बोलावणार नव्हतं.

मला परीक्षकांनी आपण होऊन दार धरलं. वर गेल्यावर माझी तारीफ केली. पूर्णेवर डावं इंजिन काढून घेतलं. माझ्या पायाने ते जवळजवळ झोपेत केलं. "वा, बेटी, वा." पुन्हा काढलं, पुन्हा वा. मग त्यांनी डावं परत दिलं, हात मांडीवर ठेवले आणि हसून म्हणाले, "बस, हो गया. अब आराम से उतरिए."

आराम से. इतकं गोड बोलणं मी बाजारातसुद्धा ऐकून घेत नाही. मी चाकं खाली सोडली, पंखांच्या झडपा सोडल्या, वेग उतरवला, आणि उजवा पाय तयार ठेवला. शेतांवरून खाली येताना, झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर, त्यांचा हात हलला आणि डावं गेलं. मी वाटच बघत होते. मोठ्याने म्हटलं, "डावं," आणि पाय रेटला.

त्याच वेळी मला गाड्या दिसल्या. कापसाने शीग भरलेल्या, एकामागोमाग एक, धावपट्टीच्या मधोमध आडव्या. चौकीदार हात उंचावून पळत होता.

परीक्षकांनीही पाहिल्या. त्यांचं हसू गेलं. त्यांनी घाईने डावा दांडा पुढे ढकलला. इतका वेळ मंद फिरून गार झालेलं इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि पेटलं नाही. आता परीक्षा नव्हती. "ऊपर!" ते ओरडले. "ऊपर लीजिए!" त्यांचा हात माझ्या हातावर आला, माझा हात उजव्या दांड्यावर होता, आणि त्यांचा हात उजवं इंजिन पुढे ढकलायला बघत होता.

वेग नव्हता. चाकं खाली होती. मला त्या चालत्या इंजिनाचा आवाज ऐकू येत होता, एकदम निरोगी, कामसू आवाज, आणि आयुष्यात मी कशालाच इतकी भ्याले नाही. मी मूठ आवळली आणि त्यांच्या हातासकट दांडा मागे ओढला. उजवंही बंद. विमान बसलं, धावपट्टीच्या अगदी अलीकडच्या टोकाला, मुरमावर आपटून. ब्रेक दाबले. गाड्या मोठ्या होत गेल्या, बैलांची शिंगं दिसली, शिंगांना लावलेला गेरू दिसला. मी डावीकडे वळवलं. एक चाक मुरूम सोडून पडीक शेतात उतरलं आणि भेगाळलेल्या काळ्या मातीत रुतून बसलं. धूळ उडाली, मग खाली बसली. आम्ही तिरपे, पण सगळे जागच्या जागी.

परीक्षकांनी टोपी काढून घाम पुसला. मग हळू आवाजात, या वेळी चक्क मराठीत, विचारलं, "वर का नाही घेतलं?"

"चालत्याचा भरवसा नव्हता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं आणि तिथेच, तिरप्या विमानात बसून, माझ्या कागदावर सही केली. उतरताना मात्र त्यांनी माझ्यासाठी दार धरलं नाही. मला ते जास्त आवडलं.

गाडीवानांनी दोन गाड्यांचे बैल सोडले, दोर बांधले आणि विमान ओढून मुरमावर आणलं. एक जण पंखाखालून वाकून जाताना म्हणाला, "लाकडाचंच हाय की. आपलीच खासर." खासर म्हणजे बैलगाडी. कंपनीच्या मिस्त्रीने चाक पाहिलं, डावं इंजिन चालू करून पाहिलं. ते आता शहाण्यासारखं गुरगुरत होतं. परीक्षकांची मोटार निघून गेली. मधुकर सायकलवरून घरी गेला होता. रेगे पंखाला टेकून उभे होते.

ते म्हणाले, "अभिनंदन."

मी म्हटलं, "मला डावंच का देत होता?"

या वेळी त्यांनी मराठीचं काही काढलं नाही. मातीत बुटाचं टोक घासत राहिले. मग सरळ सांगितलं, "तुम्ही कंटाळून सोडून जाल म्हणून. बाई टिकणार नाही, असं मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगून बसलो होतो. मधुकरला उगाच त्रास कशाला द्यायचा म्हणून त्याला उजवं."

आत्या म्हणाली होती संशय आतून खातो. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की हातातला सहीचा कागदसुद्धा मी विसरले. माझे डोळे ठीक होते. माझं डोकं ठीक होतं. सबंध हिवाळाभर मला जे दिसत होतं ते तिथे होतं. रेगेंचा राग यायला हवा होता, तो शोधूनही सापडला नाही. खोटं बोलत नसलेला माणूस समोर उभा राहिला की मला फार दिवसांचं देणं फिटल्यासारखं होतं.

"मालकांना आता काय सांगाल?" मी विचारलं.

"चुकलो म्हणून सांगेन." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते कसनुसे झाले. "पण तुम्हाला उजवं येतच नाही. मी कधी दिलंच नाही. उद्या सकाळी आलात तर सुरू करू."

जिनिंगच्या धुराड्यामागे सूर्य अजून चांगला दोन कासरे वर होता. गाड्या पांदणीने पुढे गेल्या होत्या आणि धावपट्टी रिकामी होती. मी पदर पुन्हा कमरेला खोचला.

"उद्या कायले?" मी म्हटलं. "दिवस हाय अजून. चला."